सर्पगंधा, सिरोटोनिन आणि मनःस्वास्थ्य

‘मेंदूतील सिरोटोनिन कमी झाले आहे, म्हणून मन खिन्न असते’, हे वाक्य आजकाल रुग्णच चिकित्सकास ऐकवितो. या कल्पनेच्या उगमाशी आपल्याच भांडारातील एक द्रव्य आहे, याचे स्मरण मात्र व्यवसायबंधूंपैकी थोड्यांनाच असते. ते द्रव्य म्हणजे सर्पगंधा.

बिहारमध्ये ‘पागल की दवा’ म्हणून लोकव्यवहारात असलेल्या या मुळीचा उन्मादावरील व वाढलेल्या रक्तदाबावरील उपयोग कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली निबंधरूपाने प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून रिसर्पिन हे अल्कलॉइड वेगळे केले. दोनच वर्षांनी अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या उपयोगाची माहिती प्रसिद्ध केली.

रिसर्पिन करते काय, हे समजण्यासाठी मेंदूची थोडी रचना पाहावी लागेल. दोन चेतापेशींच्या संपर्कस्थानी अतिसूक्ष्म फट असते. ती ओलांडण्यासाठी पहिली पेशी सिरोटोनिन, डोपामिन, नॉरअॅड्रिनॅलिन अशा संदेशवाहक रसायनांचा स्राव करते. ही रसायने पेशीच्या टोकाशी चिमुकल्या पिशव्यांत साठविलेली असतात. या पिशव्या भरणारे वाहक प्रथिनच रिसर्पिन बंद पाडते. कोठार रिकामे होते आणि बाहेर राहिलेले रसायन पेशीतील विकर नष्ट करून टाकते. रिसर्पिनने सिरोटोनिनचा साठा संपतो, हे १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसले. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनमुळे निश्चल पडलेल्या सशांना एल-डोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. कंपवाताच्या आधुनिक चिकित्सेचा पाया याच संशोधनाने घातला आणि २००० सालच्या नोबेल पारितोषिकात कार्लसन सहभागी झाले.

याच काळात, रिसर्पिन घेणारे रक्तदाबाचे काही रुग्ण खिन्न होतात, असे वृत्तांत येऊ लागले. मग तर्क सोपा झाला : रिसर्पिनने रसायने घटतात, रिसर्पिनने खिन्नता येते, म्हणून रसायने घटली की खिन्नता येते. १९६५ मध्ये शिल्डक्राउट यांनी नॉरअॅड्रिनॅलिनच्या संदर्भात या विचारास सिद्धान्ताचे रूप दिले. पुढे सिरोटोनिनवर कार्य करणाऱ्या गोळ्या आल्या आणि सिद्धान्ताचे घोषवाक्य झाले.

मात्र पुरावा एवढा सरळ कधीच नव्हता. १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस व शेफर्ड यांना चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांत रिसर्पिनने उलट उपशय दिसला होता. नैराश्याच्या गोळ्यांनी संदेशवाहकांतील बदल काही तासांत सुरू होतो; मनाला उतार पडण्यास मात्र आठवडे लागतात. २०२२ साली जोआना मॉनक्रिफ व सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नैराश्यात सिरोटोनिन कमी असते यास सुसंगत आधार आढळला नाही.

येथे आपल्यापैकी काहींना आनंद होतो. तो अनाठायी आहे. कारण मीमांसा चुकली म्हणून औषध निष्फळ ठरत नाही. ज्वरात गुडूची उपयोगी पडते. तेवढ्यावरून शरीरातील गुडूची घटल्याने ज्वर येतो, असे कोणी म्हणत नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांचे विश्लेषण आले. त्यात २१ नैराश्यरोधक औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक माफक होता, हेही खरे. ‘आता आमचे काढे चालू, त्या गोळ्या बंद’ असे सांगणारे चिकित्सक आम्ही पाहिले आहेत. गोळ्या एकाएकी थांबविल्यास चक्कर, अनिद्रा, चिडचिड, डोक्यात विजेच्या झटक्यासारखी संवेदना उद्भवते. मूळ व्याधी उलटू शकते आणि त्यासोबत आत्मघाताचे विचारही. मात्रा उतरवायचीच असेल तर ती मूळ मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, क्रमाक्रमाने.

तसेच, सिरोटोनिन म्हणजे सत्त्व व डोपामिन म्हणजे रज अशी कोष्टके मांडण्याचा मोहही टाळावा. शरीरातील बहुतांश सिरोटोनिन आतड्यात तयार होते हे सत्य आहे, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. ग्रहणीची चिकित्सा करावी ती ग्रहणीसाठी.

आपले खरे बळ अन्यत्र आहे. चरकांनी सत्त्वावजय ही चिकित्सेची स्वतंत्र शाखा मानली, परंतु आपल्या चिकित्सालयांत तिला दोन मिनिटेही मिळत नाहीत. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनोवैद्यकाची पदवी नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकी केल्या. सुटलेली कामे, भेटीगाठी, आवडीच्या गोष्टी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करणे आणि त्यांचा मनावरील परिणाम पाहणे, एवढाच गाभा. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यमुक्त होते; केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ३९ टक्के. दिनचर्या शिकविणाऱ्या वैद्यास यात अवघड काय आहे? फक्त ‘पहाटे उठा, व्यायाम करा’ एवढ्यावर न थांबता, उद्या सकाळी नेमके काय करणार हे रुग्णाकडून ठरवून घ्यावे व पुढील भेटीत विचारावे.

राहता राहिली सर्पगंधा. ‘झोपेसाठी’ म्हणून घनवटी मागणारा ग्राहक औषधविक्रेत्यांना नवा नाही. चालू किंवा पूर्वीचे नैराश्य, आमाशयव्रण, बृहदांत्राचा सव्रण शोथ यांत रिसर्पिन वर्ज्य आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास दाब अवाजवी उतरू शकतो. अशा ग्राहकास वैद्याच्या चिठ्ठीविना ती देऊ नये, आणि चिठ्ठी असली तरी चालू गोळ्यांच्या पट्ट्या काउंटरवर दाखवावयास सांगाव्यात.