निवृत्त हातांसाठी छोटे वाद्य

खोपोलीलगतच्या साजगावात कार्तिकी एकादशीला विठोबाची यात्रा सुरू होते. टाळ, मृदंग आणि वीणेचा नाद या गावाला परका नाही. आसपास कारखानेही पुष्कळ आहेत. आयुष्यभर पाना, कानस आणि मोजपट्टी हाताळलेली माणसे निवृत्त होतात, तेव्हा त्यांच्या हातांना एकाएकी काम उरत नाही. वापर घटला की बोटांची शक्ती ओसरते आणि दिवसही लांबत जातो.

हाताचे कसब नव्या कामाकडे वळवता येते, याची साक्ष मिरज देते. शस्त्रे घडवणारे तेथील शिकलगार कारागीर एकोणिसाव्या शतकात सतार व तंबोरा घडवू लागले. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सातासमुद्रापलीकडेही असेच घडले. 1879 मध्ये पोर्तुगालच्या मदीरा बेटावरून होनोलुलूला उतरलेल्या सुतारकाम जाणणाऱ्या कारागिरांनी आपल्याकडील लहान तंतुवाद्याच्या धर्तीवर युकुलेले घडवले.

तंबोऱ्याचा पसारा मोठा. युकुलेले मात्र घरच्या मेजावर मावते. त्याच्या सर्वांत लहान प्रचलित प्रकाराची लांबी साधारण 53 सेंटिमीटर असते. वरची फळी सुमारे 2 मिलिमीटर जाडीची असते, म्हणून घासकाम हलक्या हाताने व संयमाने करावे लागते. नायलॉनच्या चार तारांचा ताण कमी असल्याने वाजवतानाही बोटांना फारसा त्रास होत नाही. प्रथमच हे काम करणाऱ्याने तयार कापलेले सुटे भाग घेऊन जोडणीपासून आरंभ करावा.

मात्र या छंदात काही धोके आहेत आणि ते कुटुंबाने आधीच ओळखावेत. लाकडाचा बारीक भुसा दीर्घकाळ श्वासावाटे आत जाणे कर्करोगकारक मानले गेले आहे. दमा असलेल्यांना त्याचा त्रास लवकर होतो. शिसवी व सागवानी भुशाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. म्हणून घासकाम मोकळ्या पडवीत, नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-95 मास्क लावून करावे. भुसा कोरड्या केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. दमेकऱ्यांनी हे काम आपल्या डॉक्टरांना विचारूनच हाती घ्यावे.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास लहान जखमही बराच वेळ वाहते. अशांनी धारदार पटाशीचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. ती औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दीर्घकाळच्या मधुमेहात बोटांची संवेदना मंदावू शकते आणि चटका बसल्याचे कळत नाही. वाद्याच्या कडेच्या पट्ट्या तापवून वाकवाव्या लागतात. ते काम त्यांनी टाळावे. संधिवात असलेल्यांनी अवजारांच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे पकड सोपी होते.

सोबत करणाऱ्यांनी भरपूर उजेड, न डळमळणारे मेज आणि पाठीला आधार देणारी खुर्ची यांची सोय करावी. अर्ध्या तासाने विश्रांतीची आठवण द्यावी. मापे व पुढची पायरी वहीत लिहून ठेवावी. हातातील अवजार मात्र काढून घेऊ नये. चूक झाली तर सरस पुन्हा लावता येतो. घाई कशाचीच नाही. वाद्य पूर्ण व्हायला महिने लागले तरी तेवढे दिवस हात कामात राहतात.