जोडपत्रांचा भार : अपलोड केलेल्या फाइली, लघुप्रतिमा आणि ई-प्रशासन

स्पर्धा परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरताना नाव, पत्ता, शैक्षणिक अर्हता हे रकाने बहुतेक उमेदवार विनासायास भरतात. अडखळण्याची जागा त्यानंतर येते. बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या अधिसूचना पाहिल्या, तर छायाचित्र २०० बाय २३० चित्रबिंदूंचे व २० ते ५० केबी आकाराचे, तर स्वाक्षरी १४० बाय ६० चित्रबिंदूंची व १० ते २० केबी आकाराची असावी, अशी मोजमापे दिलेली आढळतात. उमेदवाराच्या मोबाइलमधील छायाचित्र मात्र तीन-चार एमबीचे, म्हणजे विहित मर्यादेच्या साठ ते ऐंशी पट असते. संकेतस्थळ ते नाकारते, अंतिम दिनांक जवळ आलेला असतो आणि उमेदवार सायबर कॅफेची वाट धरतो. तेथे मोजलेले शुल्क अर्जाच्या शुल्कात कोठेही दिसत नाही.

अर्थशास्त्रात अशा खर्चास व्यवहारखर्च म्हणतात. एका बाजूची बचत दुसऱ्या बाजूचा खर्च ठरते, हा त्याचा नेहमीचा गुणधर्म होय. दहा लाख उमेदवारांनी प्रत्येकी ५ एमबीचे छायाचित्र पाठविले, तर संस्थेस ५ टेराबाइट साठवण लागेल. ५० केबीची मर्यादा घातल्यास तेच काम ५० गिगाबाइटमध्ये होते. संस्थेची बचत खरी आहे. तथापि फाइल लहान करण्याचे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी तो लोकसेवेच्या रचनेचा प्रश्न आहे. भारतात तो सर्वांत मोठ्या प्रमाणावर बंगळुरूमध्ये हाताळला गेला. त्या अनुभवाकडे वळण्यापूर्वी फाइल अपलोड होते म्हणजे नेमके काय घडते, हे पाहणे आवश्यक आहे.

फाइलचा प्रवास

ई-मेल ही मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी घडलेली व्यवस्था होती. चित्र, ध्वनी किंवा देवनागरी मजकूर तिच्यातून पाठविण्यासाठी १९९२ मध्ये ‘माइम’ हे मानक निश्चित झाले. फाइलचे रूपांतर अक्षरांत करून ती पत्रासोबत जोडावयाची, ही त्यातील युक्ती. या रूपांतराने फाइल सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, म्हणून ई-मेलमधून पाठविलेली फाइल मूळ आकारापेक्षा जड होते. संकेतस्थळावरील अर्जातून फाइल पाठविण्याची पद्धत नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रस्तावातून आली. त्यानुसार ब्राउझर अर्जाचे रकाने आणि फाइल यांचे वेगवेगळे भाग पाडतो, प्रत्येक भागास नाव व प्रकाराची चिठ्ठी लावतो आणि सर्व भाग एकत्र सर्व्हरकडे रवाना करतो.

ही चिठ्ठी पाठविणाराच लिहितो, हे लक्षात ठेवावे. ‘हे छायाचित्र आहे’ असे चिठ्ठीवर लिहिले आणि फाइलच्या नावाअखेरीस ‘जेपीजी’ अक्षरे जोडली, म्हणून आत छायाचित्रच असेल असे नाही. सर्व्हरला अपाय करणारी आज्ञावलीही असू शकते. म्हणून नीट बांधलेली प्रणाली आतील मजकूर तपासते, कारण बहुतेक प्रकारच्या फाइलींचे आरंभीचे काही बाइट ठरलेले असतात. त्यानंतर ती फाइलला स्वतःचे नवे नाव देते आणि ती संकेतस्थळाच्या कार्यक्रमांपासून अलग ठिकाणी ठेवते, जेणेकरून तेथून ती चालविली जाऊ शकणार नाही. पाठविणाऱ्याने दिलेल्या नावावर विसंबणे हा या क्षेत्रातील जुना व अद्यापही न संपलेला दोष आहे.

नखाएवढे चित्र

अर्जांची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर एका पानावर पन्नास उमेदवारांची यादी येते, असे समजा. मूळ ४ एमबीची छायाचित्रे दाखविल्यास एका पानासाठी २०० एमबी माहिती वाहून आणावी लागेल. १० केबीच्या प्रती दाखविल्या, तर ५०० केबी पुरतात. या छोट्या प्रतीस इंग्रजीत अंगठ्याच्या नखाची उपमा देऊन ‘थंबनेल’ म्हणतात; आपण तिला लघुप्रतिमा म्हणू.

लघुप्रतिमा तयार करणे हे केवळ आकुंचन नव्हे. ३००० बाय ४००० चित्रबिंदूंच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगास तीन बाइट लागत असल्याने संगणकाच्या स्मृतीत ते उघडताच ३६ एमबी जागा व्यापते, फाइल म्हणून ते चार एमबीचे असले तरीही. २०० बाय २३० च्या प्रतीत ४६,००० बिंदू असतात. म्हणजे मूळच्या सुमारे २६० बिंदूंची सरासरी काढून एक बिंदू घडवावा लागतो. दोन्ही चित्रांच्या लांबी-रुंदीचे प्रमाण भिन्न असल्याने कडा कापाव्या लागतात. त्या न कापता चित्र चौकटीत कोंबले, की चेहरा पसरट होतो आणि परीक्षा केंद्रावर ओळख पटविताना अडचण येते. पुढे जेपीईजी पद्धत चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे ठोकळे पाडून डोळ्यास न जाणवणारा तपशील गाळते. चेहऱ्याच्या मऊ छटांना ही पद्धत मानवते. पांढऱ्या कागदावरील काळ्या स्वाक्षरीच्या तीक्ष्ण रेषांभोवती मात्र ती धूसर डाग सोडते.

केबी हे वजनाचे माप आहे, स्पष्टतेचे नव्हे. ४९ केबीचे अस्पष्ट छायाचित्र नियमात बसते आणि ५१ केबीचे सुस्पष्ट छायाचित्र नाकारले जाते, हा प्रकार मला कधीच समाधानकारक वाटलेला नाही. आकुंचनाचे हे काम सर्व्हर किंवा उमेदवाराचाच ब्राउझर क्षणार्धात करू शकतो.

यातही जोखीम आहेच. मे २०१६ मध्ये ‘इमेजमॅजिक’ या चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या लोकप्रिय साधनात एक गंभीर दोष उघडकीस आला. विशिष्ट रीतीने रचलेले चित्र अपलोड केले, की त्याची लघुप्रतिमा करू पाहणारा सर्व्हरच हल्लेखोराच्या आज्ञा पाळू लागे. शिवाय मोबाइलच्या छायाचित्रात ते कोठे व केव्हा काढले, याची नोंद दडलेली असू शकते. कापाकापी करूनही पूर्वीच्या, न कापलेल्या चित्राची लघुप्रतिमा फाइलच्या पोटात कधी कधी शिल्लक राहते.

बंगळुरू : जोडपत्रे नकोत

आता प्राप्तिकर विभागाचे उदाहरण घेऊ. पूर्वी विवरणपत्रासोबत करकपातीची प्रमाणपत्रे, चलने, हिशेबाची पाने जोडली जात. वित्त अधिनियम २००७ द्वारे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम १३९सी व १३९डी समाविष्ट झाली आणि ही कागदपत्रे विवरणपत्रासोबत न मागण्याचा अधिकार प्रत्यक्ष कर मंडळास मिळाला. नव्या विवरणपत्रांच्या सूचनांत तर असे म्हटले होते, की करकपातीच्या प्रमाणपत्रासह कोणतेही कागदपत्र जोडू नये. जोडल्यास ते सुटे करून परत केले जाईल. सरकारी कार्यालय जोडलेला कागद परत करते, ही आपल्याकडे तशी नवलाईच!

या निर्णयामुळे बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राचे काम सुकर झाले. २००९ मध्ये कार्यान्वित झालेले हे केंद्र दिवसाला सुमारे २०,००० विवरणपत्रे हाताळत असल्याचे २०१०-११ च्या अर्थसंकल्पीय भाषणात नमूद आहे. देशभरातील इलेक्ट्रॉनिक विवरणपत्रांबरोबरच कर्नाटक आणि गोव्यातील कागदी विवरणपत्रेही तेथे येत. प्रत्येकासोबत दहा-वीस पाने असती आणि ती कोणी डोळ्यांनी वाचावयाची असती, तर ही गती संभवली नसती.

पुरावा सोडून देणे परवडले, कारण तोच पुरावा दुसऱ्या मार्गाने आधीच आलेला असे. मालक किंवा बँक कापलेल्या कराचे तिमाही विवरण पॅन क्रमांकासह सादर करते. संगणक दोन आकडे जुळवितो. प्रमाणपत्राची स्कॅन केलेली प्रत हे माहितीचे चित्र असते. ते माणसास वाचता येते, यंत्रास मात्र त्यातील रक्कम सहजी उचलता येत नाही. कागदपत्रे जपून ठेवण्याची व मागितल्यास सादर करण्याची जबाबदारी करदात्यावर राहिलीच. चौकशीसाठी निवडलेल्या मोजक्या प्रकरणांत ती अपलोड करावी लागतात. सर्वांकडून आधी पुरावा मागण्याऐवजी काहींची नंतर तपासणी करणे, हे तत्त्व परीक्षार्थींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

एक कागद मात्र उरला. डिजिटल स्वाक्षरी नसणाऱ्यांनी ‘आयटीआर-व्ही’ ही एक पानाची पोच स्वाक्षरी करून टपालाने बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटी टपाल कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावयाची होती. २०१५ पासून आधारवरील एकवेळ संकेतांकाने पडताळणी शक्य झाल्यावर त्या पानाचेही कारण बव्हंशी संपले. स्वाक्षरीचे चित्र अपलोड करणे हा पर्याय निवडला गेला नाही, हे उल्लेखनीय आहे; चित्राची नक्कल कोणीही करू शकतो.

आधार : संकलनस्थळीच तपासणी

छायाचित्रच हवे असेल तेथे जोडपत्र टाळता येत नाही. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने आपले तंत्रज्ञान केंद्र बंगळुरूत उभारले. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे प्रदान करण्यात आला. नागरिकाने छायाचित्र विशिष्ट केबीमध्ये आणावे, अशी अट येथे नव्हती. नोंदणी केंद्रावरच कॅमेऱ्याने ते घेतले जाई आणि त्याची गुणवत्ता संगणकप्रणाली तेथल्या तेथे तपासत असे. छायाचित्र, बोटांचे ठसे, बुबुळांच्या प्रतिमा व तपशील यांचे मिळून सुमारे ५ एमबीचे एक पाकीट होई. ते लगेच कूटबद्ध होत असल्याने नोंदणी करणाऱ्यासही पुन्हा उघडता येत नसे, आणि जाळे उपलब्ध होईल तेव्हा ते अपलोड केले जाई. दिवसाला दहा लाख नोंदण्या धरल्या, तर ५ टेराबाइट रोज. भार प्रचंड होता. तो व्यवस्थेने उचलला.

२०१८ मध्ये आधारवरील क्यूआर संकेतात प्राधिकरणाच्या डिजिटल स्वाक्षरीसह नागरिकाची लघुप्रतिमाही समाविष्ट झाली. जाळे नसतानाही समोरच्या व्यक्तीचा चेहरा आणि नोंद पडताळता येते, आणि चित्र बदलले तर स्वाक्षरी जुळत नाही.

तरीही आधारच्या छायाप्रती सर्वत्र अपलोड होतच राहिल्या. २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बंगळुरू प्रादेशिक कार्यालयाने छायाप्रत कोणासही देऊ नये, केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी आवृत्ती वापरावी, असे आवाहन केले. गैरसमजाची शक्यता असल्याचे सांगून ते दोन दिवसांत मागे घेण्यात आले. त्यातील सायबर कॅफेविषयीची सूचना मात्र विवेकाची होती : सार्वजनिक संगणकावर आधार उतरवू नये, उतरविल्यास सर्व प्रती पुसून टाकाव्यात. अर्जाचे छायाचित्र लहान करून घेण्यासाठी ज्या संगणकाशी उमेदवार जातो, त्यावरच त्याचे आधार व गुणपत्रिका मागे राहतात.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. तेथे आपण स्वतः स्कॅन करून ठेवलेली फाइल ही केवळ प्रत असते. देणाऱ्या संस्थेच्या नोंदीतून थेट आलेल्या दस्तऐवजास २०१७ च्या नियमदुरुस्तीने मूळ प्रतीचा दर्जा मिळाला. कर्मचारी निवड आयोगानेही २०२४ मध्ये आधी काढलेले छायाचित्र अपलोड करण्याची पद्धत बदलून अर्ज भरतानाच कॅमेऱ्याने थेट छायाचित्र घेण्यास आरंभ केला. मात्र जुन्या मोबाइलवर किंवा कॅमेरा नसलेल्या संगणकावर अर्ज भरणाऱ्या उमेदवाराची यातही अडचण होते, आणि त्याला पुन्हा त्याच सायबर कॅफेत जावे लागते.