तगर ते तेर

सोलापूर व त्याच्या आसपासच्या मुलखात कोणत्याही जुन्या गावी गेले असता ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द कानी पडतात. शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. पिढ्यान् पिढ्या माणसे एकाच ठिकाणी राहिली, म्हणजे मातीच्या भिंती पडतात, त्यांवर नव्या भिंती उभ्या राहतात. चुलीतील राख, फुटकी मडकी व केरकचरा यांची भर पडत जाते आणि जमीन हळूहळू उंचावते. अशा रीतीने शेकडो वर्षांत पांढऱ्या मातीचे एक टेकाडच तयार होते. ही टेकडी निसर्गाची नव्हे. ती माणसांनी नकळत रचलेली असते.

अशी टेकाडे पाहावयाची असतील, तर सोलापूरहून तेर या गावी जावे. तुळजापूर मागे टाकून धाराशिव गाठले, की तेथून ईशान्येस सुमारे २० किलोमीटरांवर तेरणा नदीच्या काठी हे गाव लागते. संत गोरा कुंभार येथलेच. म्हणून वारकऱ्यांना तेर परिचित आहे. परंतु गोरोबाकाकांच्याही आधी सुमारे बाराशे वर्षे हे स्थळ परदेशांतही ठाऊक होते. त्या वेळी त्याचे नाव होते तगर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाने चालणाऱ्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ते पुस्तक ओळखले जाते. त्यात तो सांगतो, की पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर असून तेथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराकडे नेतात. वाटेत मोठमोठे प्रदेश असे, की जेथे धड रस्ताही नाही! आजही कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापूरच्या शेजारी दोन हजार वर्षांपूर्वीही कापडाची एवढी मोठी पेठ होती, हे ऐकून कोणास कौतुक वाटणार नाही?

पुढे तगराचे वैभव ओसरले. कोकण व कोल्हापूर येथील शिलाहार राजे आपणास ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे ‘श्रेष्ठ अशा तगर नगरीचे स्वामी’, असे अभिमानाने म्हणवीत. परंतु ही नगरी नेमकी कोठे, याचा विसर पडला. कोणी देवगिरीचे नाव घेई, तर कोणी जुन्नरचे. अखेरीस १९०१ साली फ्लीट या विद्वानाने तगर म्हणजेच तेर, असे दाखवून दिले. यात भाषेची मोठी मदत झाली. प्राकृतात शब्दाच्या मधला ‘ग’ लोप पावतो. ‘नगर’चे ‘नयर’ आणि पुढे ‘नेर’ झाले; संगमनेर, अमळनेर या नावांत ते आजही दिसते. त्याच रीतीने ‘तगर’चे ‘तयर’ व ‘तयर’चे ‘तेर’ झाले. नगर मातीखाली गेले, पण नाव लोकांच्या जिभेवर टिकून राहिले.

जगात याच्या उलटही घडले आहे. मेक्सिको देशात एका उंच डोंगरमाथ्यावर झापोटेक लोकांनी इसवी सनापूर्वी सुमारे ५०० वर्षे एक नगर वसविले. तेथील दगडी चौथरे, पायऱ्या आणि विशाल चौक आजही उभे आहेत. त्या जागेला ‘मोंते आल्बान’ म्हणतात. पण हे नाव मागाहून आलेल्या स्पॅनिश भाषेतील आहे. तेथे दगड राहिले आणि मूळ नाव हरपले. तेरला नाव राहिले. मात्र माती-विटांचे नगर टेकाडांत मिसळून गेले.

त्या टेकाडांवरून चालताना पायाखाली खापऱ्या करकरतात. वरवर पाहता तो केरच. पण जाणत्याला त्यातून काळ वाचता येतो. खालचा थर आधीचा, वरचा थर नंतरचा. १९५८ साली चापेकर यांनी येथे उत्खनन केले ते असेच थराथराने. तेरमध्ये सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, रंगीत मणी आणि रोमन नाण्यांची नक्कल केलेले मातीचे लोलकही सापडले आहेत. येथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर विशेष प्रसिद्ध आहे. इटलीतील पॉम्पेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्या शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली; तिच्याशी तेरची मूर्ती मिळतीजुळती आहे.

तथापि या ठेव्याला मोठा धोका असतो. पांढरी माती पिकाला चांगली, म्हणून जुन्या वस्त्यांची माती लोक गाड्या भरभरून शेतात नेत आले आहेत. जुन्या विटा नव्या भिंतींत जातात. थर एकदा विस्कटला, की तो पुन्हा कोणालाही लावता येत नाही. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी मात्र या मातीतून निघालेल्या हजारो वस्तू आयुष्यभर जिवापाड जपल्या. आज त्यांच्याच नावाने तेर येथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. त्यांनी हे केले नसते, तर तगराची कथा ग्रीक पुस्तकातील चार ओळींपुरतीच उरली असती.

तेव्हा तेरला गेलात, तर टेकाडावरची खापरी खिशात घालू नका. निराळी वस्तू दिसली, तर ती जेथे आहे तेथेच राहू द्या आणि संग्रहालयात जाऊन सांगा. वस्तूइतकीच तिची जागाही बोलकी असते. गोरोबाकाकांच्या या गावात मातीच्या मडक्यांचे मोल आणखी वेगळे काय सांगावे? मडके फुटते, राजवाडा ढासळतो. पण जपून ठेवली, तर खापरीही दोन हजार वर्षांनी साक्ष देते.