गवत, कर्बवायु आणि नत्र

हवेंतील कर्बवायु, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, हेंच गवताचें मुख्य अन्न. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें २८० भाग असे. आज ४२० भागांहून अधिक आहे. तेव्हां कुरणें आपोआप माजतील असें कोणास वाटल्यास नवल नाहीं.

हीच गोष्ट पारखण्यासाठीं स्वित्झर्लंडांत झुरिकजवळ एशिकोन येथें १९९३ पासून २००२ पर्यंत प्रयोग चालला. उघड्या वाफ्यांवर कर्बवायु सोडून त्याचें प्रमाण ६०० भागांपर्यंत नेलें. रायग्रास गवताच्या कांहीं वाफ्यांस दरसाल हेक्टरीं १४० किलो नत्र दिला, कांहींस ५६० किलो. जेथें नत्र विपुल होता, तेथें कर्बवायूचा लाभ वर्षागणिक वाढत गेला. जेथें तो तुटपुंजा होता, तेथें लाभ अल्पच राहिला.

असें कां व्हावें? कर्बवायूपासून शर्करा होते. परंतु नवें पान घडावयास प्रथिनें लागतात, आणि नत्रावांचून प्रथिन नाहीं. नत्र अपुरा असला म्हणजे शर्करा पानांत नुसती सांचून राहते. शिवाय चाऱ्यांतील प्रथिनांचा अंश घटतो. गुरांचें पोट भरतें, पण पोषण उणें पडतें.

तेथेंच पांढऱ्या क्लोव्हरनें मात्र अल्प नत्रांतही चांगला लाभ उठविला. कारण तिच्या मुळांच्या गांठींतील जंतु हवेंतील नत्र बांधून तिला पुरवितात. सारांश, धुराड्यांतून निघालेला वायु आपणांस फुकट चारा देईल, या भरंवशावर कोणीं राहूं नये. कुरणाचें माप शेवटीं जमिनींतील नत्रच ठरवितो.