घेवड्याला नत्र कशाला, असं म्हणण्याआधी

“शेंगवर्गीय पीक आहे, त्याला नत्र कशाला?” घेवडा किंवा राजमा पेरायचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. कडधान्यांपैकी ज्या पिकाला ते सर्वांत कमी लागू पडतं, नेमकं त्याच्याबद्दल ते इतक्या खात्रीनं सांगितलं जातं, याचा खरोखर संताप येतो. कारण सांगणारा निघून जातो आणि पिवळं पडलेलं पीक शेतकऱ्याच्या वाट्याला येतं.

हवेतलं नत्र झाड स्वतः घेत नाही. मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू ते घेतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला अमोनिया देतात. हे १८८०च्या दशकातच सिद्ध झालं आहे, त्यावर वाद नाही. पण सगळ्या पिकांना एकच जिवाणू चालत नाही. सोयाबीनचा जिवाणू घेवड्याच्या कामाचा नाही. घेवडा मूळचा मेक्सिको ते अँडीज या पट्ट्यातला, त्याचे चांगले जोडीदारही तिकडचेच. आपल्याकडच्या जमिनीत ते असतीलच असं नाही, आणि असलेले कधीकधी गाठी करतात पण नत्र फारसं देत नाहीत. त्यात बुटक्या घेवड्याचं आयुष्य जेमतेम तीन महिन्यांचं. गाठी कामाला लागेपर्यंत तीनेक आठवडे जातात आणि लवकरच शेंगा साखर ओढू लागतात. वेलीच्या वाणांना जास्त वेळ मिळतो, म्हणून त्यांचं काम बरं.

आकडे हवे असतील तर हेरिज, पीपल्स आणि बॉडी यांचा २००८चा जागतिक आढावा पाहा. पिकातल्या एकूण नत्रापैकी हवेतून आलेला वाटा सोयाबीनमध्ये सरासरी ६८ टक्के, हरभऱ्यात ६३ आणि घेवड्यात ४०. उत्तर भारतातल्या रब्बी राजम्याला हेक्टरी ९० ते १२० किलो नत्राची शिफारस असते, हरभऱ्याला साधारण २० किलोची. हा फरक उगाच नाही.

मग बियाण्याला चोळायचं जिवाणू खत वापरूच नये का? जरूर वापरा, पण घेवड्यासाठीचंच. कोलंबियात वेगळा केलेला सीआयएटी ८९९ हा जिवाणू उष्णता आणि आम्लयुक्त जमीन सोसतो. ब्राझीलमध्ये तो घेवड्याच्या जिवाणू खतात अधिकृतपणे वापरला जातो. तिथल्या जिवाणू खतांच्या क्षेत्रातल्या संशोधक मारिआंजेला हुंग्रिया यांना २०२५चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. म्हणजे मार्ग आहे, फक्त “शेंगवर्गीय आहे” एवढ्यावर तो सापडत नाही. गाठी काम करतात का हे पाहायला फुलं लागायच्या सुमारास दोन-चार झाडं कुदळीनं मुळांसकट काढा, गाठ नखानं चिरा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवी असेल तर नत्र देणं भाग आहे, वाट पाहू नका.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. “जास्त युरियानं गाठी वाढतात”: उलट, जमिनीत नत्र मुबलक असलं की झाड गाठी करायचंच थांबवतं. “मुळावरची प्रत्येक गाठ चांगली”: सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि बोटानं सहज निघते. “बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्रच चोळा”: नाही. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू, आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरणी. “जिवाणू खताचं पाकीट जुनं असलं तरी चालतं”: खत नियंत्रण आदेशानुसार पावडरच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू लागतात. मुदत संपलेल्या किंवा दुकानाच्या पत्र्याखाली तापलेल्या पाकिटात ते उरत नाहीत, तेव्हा मुदतीची तारीख वाचूनच पैसे द्या.