घाटातला विसावा आणि मुसाफिराचा हक्क

मुळशीहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरताना आज जागोजागी हॉटेलं लागतात. पण बैलांच्या तांड्यांच्या काळात घाट चढून आलेला थकला जीव कुठे टेकत असेल? उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरजवळच्या नाणेघाटात मिळतं.

कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल या वाटेने जुन्नरला येई. सुमारे २००० वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, घाटमाथ्याशी कातळात एक लेणं खोदलं गेलं. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेच्या काळातला ब्राह्मी लिपीतला लेख आहे. वाटसरूंच्या विसाव्याची ही जागा, असं अभ्यासक मानतात. जवळच पाण्याची टाकी आहेत आणि एक मोठा दगडी रांजण. व्यापारी त्यात जकात टाकत, असं सांगतात.

मराठीतली ही ‘जकात’ आपल्या ज़कातवरूनच आली. इथे ती नाक्यावरचा कर झाली, वाटसरूकडून घ्यायची. कुरआनात मात्र सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत ज़कातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत शेवटचा आहे मुसाफिर. म्हणजे ही ज़कात वाटसरूला द्यायची!

रमज़ानमध्ये हिशेब करताना आम्हाला गरीब नातलग आठवतात, विधवा आठवतात. मुसाफिर राहून जातो. परगावी पाकीट मारलं गेलेला, परतीच्या भाड्याला महाग झालेला माणूस घरचा खाऊनपिऊन सुखी असला, तरी त्या घडीला हक्कदार असतो. यंदा एक पाकीट त्याच्या नावानेही काढून ठेवू या.