जात्यावरच्या ओव्या कोणी राखल्या?

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर मी नेहमी बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्यातील पाचट यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. पण तो शिवारातच हाती लागला, म्हणून आपल्यापुढे ठेवतो.

गेल्या महिन्यात खोडवा पाहणीसाठी एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. ऊस पाहून झाला, ओट्यावर चहा आला. उतरताना पायाखाली पाहिले तर पायरीला जुन्या जात्याची तळी बसवलेली. मी सहज विचारले, "हे जातं कुणाचं?" दारात बसलेल्या सभासदांच्या आई म्हणाल्या, "माझं. चाळीस वर्सं दळलंय त्याच्यावर." आणि विचारल्याबरोबर त्यांनी ओवी धरली. एकीतून दुसरी निघत गेली. पाऊण तास मी तिथेच बसून राहिलो. माहेरच्या वाटेवर येणारा भाऊ होता, सासरचा जाच होता, 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांचे हाल होते, आणि रात्री कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाजसुद्धा होता.

त्यांचा मुलगा ओशाळून म्हणाला, "सायेब, दळणाची गाणी ती. त्यात काय ऐकायचं?"

त्याला दोष कसा देऊ? मीही तसाच वागलो आहे. माझ्या आईला शेकड्यांनी ओव्या येत होत्या. कृषी पदविकेला असताना सुट्टीत घरी आलो की ती म्हणायची, "लिहून घे की रं." मी म्हणायचो, "पुढल्या खेपेला." पुढे नोकरी लागली, हंगाम सुरू झाले, खिशात मोबाईल आला. बटण दाबले असते तरी आवाज राहिला असता. पाच वर्षांपूर्वी आई गेली. आज मला तिच्या धड चारही ओव्या आठवत नाहीत. चाली आठवतात, शब्द गेले.

लिहून घेतल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरी (1880 ते 1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी ती उतरून ठेवली. बहिणाबाईंच्या पश्चात आचार्य अत्रे यांच्या नजरेला ती वही पडली आणि 1952 मध्ये त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. घरात कोणी वही काढली नसती तर एवढी मोठी कवयित्री महाराष्ट्राला कळलीच नसती.

परंतु प्रत्येक घरात कवी मुलगा कोठून असणार? म्हणून अशा कामामागे संस्था लागते. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' हा संग्रह केला. पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांनी तर या कामाला सारे आयुष्य दिले. त्या सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या, म्हणजे उसाच्याच पट्ट्यातल्या. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीतर्फे त्यांनी ओव्या, उखाणे, सणावारांची गाणी गावोगावहून मिळवून पुस्तकरूपाने छापली.

यानंतरचे फार मोठे काम पुणे जिल्ह्यात झाले. त्याची माहिती आपल्या भागात फारशी नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी मुळशी, मावळकडच्या डोंगराळ गावांत गरीब शेतकरी-मजुरांची 'गरीब डोंगरी संघटना' उभी केली. प्वातवँ जन्माने फ्रान्सचे. 1972 पासून पुण्यात राहिले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. भाषण करायला उभी न राहणारी बाई ओवीतून मनातले सगळे सांगते, हे या मंडळींनी ओळखले. मग संघटनेतल्या बायाच वह्या घेऊन गावोगाव फिरल्या. लेकीच्या, भावाच्या, राम-सीतेच्या ओव्या तर मिळाल्याच. दुष्काळाच्या आणि नवऱ्याच्या माराच्याही मिळाल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर म्हटलेल्या ओव्याही त्यात आहेत. दर हंगामात त्या जिल्ह्यातून आपल्याकडे तोडणीच्या टोळ्या येतात. कोपीतल्या त्या बायांजवळ काय काय असेल, हे आपण कधी विचारले आहे काय?

हे काम सुमारे 20 वर्षे चालले. 1,100 हून अधिक गावांतल्या 3,300 च्या आसपास बायांकडून 1,10,000 वर ओव्या लिहिल्या गेल्या. बर्नार्ड बेल या फ्रेंच अभ्यासकाच्या मदतीने 120 तासांहून अधिक गायन ध्वनिमुद्रित झाले. प्वातवँ 2004 मध्ये आणि हेमाताई 2010 मध्ये वारल्या. पण काम त्यांच्याबरोबर संपले नाही. 2017 पासून 'पारी', म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', ही संस्था त्या ओव्या लोकांपुढे आणीत आहे.

मला यात सर्वांत मोलाची वाटली ती एक गोष्ट. ओवीबरोबर ती म्हणणारीचे नाव आणि गाव लिहिले गेले. 'एक लोकगीत' म्हणून भागवले नाही.

आपल्या धंद्यातले उदाहरण देतो. आपल्याकडे सर्रास लावला जाणारा को 86032 हा वाण को 62198 आणि कोसी 671 यांच्या संकरातून झाला, हे कागदावर आहे. शेतातून एखादा जुना वाण गेला तरी संशोधन केंद्रात त्याचे बेणे जतन केलेले असते, कधी गरज पडली तर काढता येते. उसाच्या कांडीची आपण इतकी नोंद ठेवतो. घरातल्या बाईने रचलेल्या ओवीची एका ओळीचीही नोंद नाही. गावात पिठाची गिरणी आली, बायांचे पहाटेचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. जाते परत आणा असे मी म्हणणार नाही. परंतु ओवी दळणाला बांधलेली होती. दळण थांबले आणि सुनांनी सासूकडून ओव्या उचलणेही थांबले. ज्यांना ओव्या येतात त्या आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत.

असो. पुन्हा त्या वस्तीवरचे सांगतो. पुढच्या आठवड्यात मी वही घेऊन गेलो. आजींनी पहिला प्रश्न केला, "माझं नाव टाकशील का?" मी म्हणालो, "टाकीन की." त्या म्हणाल्या, "सातबाऱ्यावर माझं नाव न्हाई, तुमच्या कारखान्याच्या रजिस्टरात न्हाई. वहीत तरी असू दे." हे ऐकून त्यांचे चिरंजीव खाली मान घालून बसले. त्या दिवशी 43 ओव्या लिहिल्या. पाच ओव्या त्यांनी म्हणून दाखवल्या, पण लिहू दिल्या नाहीत. "सासू गेली, पर तिची माणसं हाईत अजून. ह्या माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या." त्या पाच मी लिहिल्या नाहीत. येताना चिरंजीव गाडीपर्यंत आले आणि म्हणाले, "सायेब, आता रोज दोन-दोन मीच लिहितो."

सभासदांना माझी विनंती आहे. महिला दिनाला शाल, नारळ आणि सत्कार आपण करतो, तो करावाच. पण घरातल्या म्हातारीपाशी एक संध्याकाळ बसणे त्याहून गरजेचे आहे. शंभर पानी वही पुरे. प्रत्येक ओवीखाली म्हणणारीचे नाव, माहेर, सासर आणि तारीख लिहावी. तिने उच्चारला तसाच शब्द लिहावा, पुस्तकी करू नये. मोबाईलवर आवाजही घ्यावा. जे लिहू नको म्हणेल ते लिहू नये, आणि तिला विचारल्याशिवाय कोणाला पाठवूही नये. बचत गटाच्या भगिनींनी आपल्या वस्तीपुरते मनावर घेतले तर काम लवकर उरकेल. तोडणीच्या टोळ्या येतील तेव्हा कोपीवरही जावे. पण बाया दिवसभर मोळ्या बांधून दमलेल्या असतात, त्यांना सवड असेल तेव्हाच विचारावे.

माझ्या गट ऑफिसात टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी लिहिणारे कोणी नाही त्यांनी पाहणीच्या वेळी मला किंवा शेतकी मदतनीसाला सांगावे. ऊस पाहून झाला की आम्ही ओट्यावर बसू. चहा नाही दिला तरी चालेल.

पुढील अंकात खोडव्याला पहारीने खत देण्याविषयी लिहीन.